विषय कोणी सुचवला? चॅटबॉट आणि मेळघाटातला विद्यार्थी

चॅटबॉटकडून अख्खा निबंध लिहून घेणे ही लबाडी आहे. पण विषय सुचवून घेणे, मुद्दे काढून घेणे, सुरुवात कुठून करावी हे विचारणे यात वावगे काही नाही. अशी वाटणी विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या मनात पक्की होत चालली आहे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. पहिल्या काही महिन्यांत सगळी चर्चा 'कॉपी' या एका मुद्द्याभोवती फिरली. पॅरिसच्या सियाँस पो या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये बंदी घातली. ब्रिटनमधल्या रसेल ग्रुपच्या विद्यापीठांनी त्याच वर्षीच्या जुलैमध्ये उलट भूमिका घेतली आणि विद्यार्थ्यांना या साधनांचा जबाबदार वापर शिकवायचे ठरवले. त्यानंतर वाद हळूहळू 'लिहिण्या'कडून 'सुचण्या'कडे सरकला. या सरकण्याचा आढावा घ्यावा आणि तो अमरावती विद्यापीठाच्या परिघातून, तेही मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या टोकावरून घ्यावा, असा या लेखाचा हेतू आहे. महानगरातल्या इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी जी वाटणी समंजस वाटते, ती सातपुड्याच्या या पठारावर तशीच लागू पडते का, हा प्रश्न अजून पुरेसा विचारला गेलेला नाही.

आधी विषय कुठून येत होते

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. या पाच जिल्ह्यांत पदवीच्या विद्यार्थ्याला स्वतः विषय निवडून लिहिण्याचा प्रसंग फार उशिरा येई. परीक्षा म्हणजे तीन तासांचा पेपर, आणि पेपर म्हणजे नोट्स. पर्यावरण अभ्यास सर्व शाखांना सक्तीचा झाला आणि त्याबरोबर प्रकल्प आला, तेव्हा 'जलप्रदूषण', 'ध्वनिप्रदूषण', 'घनकचरा व्यवस्थापन' हे विषय वर्षानुवर्षे फिरत राहिले. मागच्या वर्षीच्या मुलाची फाईल घ्यायची, मुखपृष्ठ बदलायचे, बाइंडिंग करून द्यायचे, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या पातळीवरही 'अमुक जिल्ह्यातील तमुक योजनेच्या अंमलबजावणीचा चिकित्सक अभ्यास' हा साचा इतका रुळला आहे की जिल्हा आणि योजना बदलली की नवा विषय तयार होतो. अनेकदा विषय मार्गदर्शकच सुचवतो, आणि विद्यार्थी सिनॉप्सिस लिहायला बसतो तेव्हा मूळ प्रश्न त्याचा नसतोच. चॅटबॉटने विद्यार्थ्यांचे स्वतंत्र विचार करणे बिघडवले असे म्हणताना हा इतिहास लक्षात ठेवायला हवा. परक्या कल्पनेवर प्रकल्प उभा करणे ही या यंत्राने आणलेली सवय नव्हे.

नियमांची बाजूही पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत वाङ्मयचौर्याची व्याख्या करताना दुसऱ्याचे काम किंवा दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून पुढे करणे असे म्हटले आहे. म्हणजे कल्पना व्याख्येत आहे. शिक्षा मात्र मजकुराच्या साम्याच्या टक्क्यांवर ठरते. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ असते. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचे, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष थांबायचे, आणि ६० च्या वर गेले की नोंदणीच रद्द. २०१९ पासून शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना साम्य तपासणारे सॉफ्टवेअर मिळू लागले आणि टक्केवारीचा दाखला प्रबंधाला जोडला जाऊ लागला. या व्यवस्थेत शब्द मोजले जातात. कल्पना कोणाची, हे मोजण्याचे साधन तिच्याकडे कधीच नव्हते. चॅटबॉट प्रत्येक वेळी नवा मजकूर तयार करतो, त्यामुळे शब्द मोजण्याचे साधनही आता तोकडे पडते. पण कल्पनेच्या बाबतीतली उणीव आधीपासूनची आहे आणि ती चॅटबॉटमुळे फक्त उघडी पडली.

याच काळात दोन गोष्टी जुळून आल्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी श्रेयांक रचना आली. तिच्यात फिल्ड प्रोजेक्ट, समाजसंपर्क उपक्रम आणि पुढे चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प आले. आजवर ज्याला फक्त उत्तरे लिहायची होती, त्याला प्रश्न शोधायचा आहे. आणि नेमक्या याच सुमारास, २०२५ मध्ये, गुगलने भारतीय विद्यार्थ्यांना जेमिनीची सशुल्क आवृत्ती वर्षभर मोफत दिली, एअरटेलच्या ग्राहकांना परप्लेक्सिटी मिळाले, जिओने जेमिनी दिले आणि नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीची 'गो' ही आवृत्तीही वर्षभरासाठी फुकट झाली. प्रश्न शोधण्याची सक्ती आणि प्रश्न सुचवणारे यंत्र एकाच वेळी एकाच मोबाइलवर आले.

विद्यार्थी काय म्हणतात

विद्यार्थ्यांची मते जाणून घेणाऱ्या पाहण्या आता बऱ्याच झाल्या आहेत. स्वीडनमध्ये २०२३ मध्ये चाल्मर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ५,८९४ विद्यार्थ्यांना विचारले. जवळजवळ सर्वांना चॅटजीपीटी माहीत होते, एक तृतीयांशाहून अधिक जण ते नियमित वापरत होते, आणि तरीही बहुसंख्यांनी परीक्षेत त्याचा वापर म्हणजे फसवणूक असेच म्हटले. हाँगकाँगमध्ये त्याच वर्षी ३९९ विद्यार्थ्यांच्या पाहणीत लेखनासाठी आणि कल्पना सुचण्यासाठी होणारी मदत हा एक मोठा लाभ म्हणून पुढे आला, तर माहितीची अचूकता, खासगीपणा आणि स्वतःच्या घडणीवर होणारा परिणाम या चिंता म्हणून नोंदल्या गेल्या. ब्रिटनच्या हायर एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या २०२५ च्या पाहणीत १,०४१ विद्यार्थ्यांपैकी ८८ टक्क्यांनी मूल्यमापनाच्या कामात अशी साधने वापरल्याचे सांगितले; आदल्या वर्षी हे प्रमाण ५३ टक्के होते. वापराच्या यादीत संकल्पना समजावून घेणे, लेखांचा सारांश आणि संशोधनाच्या कल्पना या तीन गोष्टी वर होत्या. यंत्राने लिहिलेला मजकूर थेट आपल्या लेखनात घातला असे सांगणारे १८ टक्के होते. १०९ देश-प्रदेशांतल्या २३,२१८ विद्यार्थ्यांच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही कल्पना काढणे हा वापराचा एक प्रमुख प्रकार ठरला.

या आकड्यांतून विद्यार्थ्यांची एक भूमिका स्पष्ट होते आणि ती आळशीपणाची भूमिका म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. कल्पना सर्वांची असते, मित्राशी बोलताना सुचते, सरांनी सुचवलेली चालते, ग्रंथालयात पुस्तक चाळताना सापडते, मग यंत्राने सुचवली तर बिघडले कुठे, असा त्यांचा सवाल आहे. लेखन मात्र आपले असले पाहिजे, कारण गुण त्याला मिळतात. मुलांना नियम कळत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे की मुलांनी स्वतःच एक नियम आखला आहे आणि बऱ्याच अंशी ती तो पाळतातही. ब्रिटनच्या पाहणीत वापरापासून मागे खेचणाऱ्या कारणांत फसवणुकीचा आळ येण्याची भीती आणि यंत्र चुकीचे सांगेल ही भीती अशा दोन्ही होत्या, आणि दोन्ही निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी बोलून दाखवल्या.

शंका घेणारे आणि बाजू घेणारे

शिक्षकांच्या एका गटाचे म्हणणे या नियमाच्या नेमके उलट जाते. त्यांच्या मते विषय शोधणे हेच शिक्षण आहे. रिकाम्या कागदासमोर बसून काय विचारावे हे न सुचण्याचा जो काळ असतो, त्यात वाचन होते, चुकीचे विषय टाकले जातात, आपल्याला नेमके काय खुपते ते कळते. तो काळच वगळला तर उरते ते टंकलेखन. एमआयटीच्या संशोधकांनी ५४ जणांवर केलेल्या आणि २०२५ मध्ये पुढे आलेल्या प्रयोगाचा दाखला इथे वारंवार दिला जातो. चॅटबॉटच्या मदतीने निबंध लिहिणाऱ्यांच्या मेंदूतल्या जोडण्या कमी सक्रिय दिसल्या आणि बहुतेकांना आपल्याच निबंधातले वाक्य काही मिनिटांनी नीट सांगता आले नाही. हा प्रयोग लहान आहे आणि तो पूर्वप्रकाशन स्वरूपात पुढे आला, म्हणून त्यावर फार मोठी इमारत रचू नये. पण त्यातला एक तपशील दोन्ही बाजूंनी दुर्लक्षिला आहे. आधी स्वतःच्या बळावर लिहून नंतर यंत्र वापरणाऱ्यांची स्थिती, आधीपासून यंत्रावर विसंबणाऱ्यांपेक्षा चांगली होती. म्हणजे यंत्र वापरले की नाही याइतकेच ते कधी वापरले यालाही महत्त्व आहे. या लेखाच्या पुढच्या भागात हा क्रमाचा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद संधीच्या समानतेचा आहे, आणि विदर्भात तो सर्वात वजनदार आहे. अमरावतीत प्राध्यापकाच्या घरात वाढलेल्या मुलीला विषयासाठी घरात बोलायला माणूस असतो. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात गेलेल्या मुलाला तो नसतो. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एक प्राध्यापक पीएच.डी.चे आठपर्यंत विद्यार्थी घेऊ शकतो; पदवीच्या फिल्ड प्रोजेक्टमध्ये तर एकेका शिक्षकाकडे वर्गच्या वर्ग येतो. 'सर, मला विषय सुचत नाही' असे म्हणायला संकोच वाटणाऱ्या मुलाला रात्री अकरा वाजता न कंटाळता उत्तर देणारे काही मिळाले, तर ते नाकारायचे कोणत्या तोंडाने? चॅटबॉटला विचारताना आपले अज्ञान उघडे पडत नाही, ही सोय लाजाळू विद्यार्थ्यासाठी छोटी नाही. या युक्तिवादाला विरोधकांकडून अजून समाधानकारक उत्तर आलेले नाही.

तंत्राने प्रश्न सोडवू पाहणाऱ्यांची तिसरी बाजू मात्र मागे पडली आहे. यंत्राचा मजकूर ओळखणारी साधने भरवशाची नाहीत. खुद्द ओपनएआयने आपले ओळख-साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवले की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेलसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध ही साधने सरासरीने यंत्राचे ठरवत होती. शब्दसंपत्ती मर्यादित असलेल्या माणसाचे साधे लेखन यंत्राला यंत्रासारखे वाटते. २०२४ मध्ये हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठात कायद्याची एलएलएम पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याने अशाच आरोपाविरुद्ध पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात धाव घेतली. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण ठरवल्यावर याचिका निकाली निघाली आणि मूळ प्रश्नावर निवाडा झाला नाही. मजकुराचेच असे, तर कल्पना पकडणारे साधन कोठून येणार?

कल्पनांचे काय होते

इथवरचा वाद योग्य-अयोग्याचा होता. गेल्या दोन वर्षांत मात्र यंत्राने सुचवलेल्या कल्पना कशा असतात यावर काही नेटके पुरावे जमा झाले आहेत आणि ते या वादाला वेगळे वळण देतात. २०२४ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात काही लेखकांना लघुकथेसाठी चॅटबॉटच्या कल्पना दिल्या आणि काहींना दिल्या नाहीत. कल्पना मिळालेल्यांच्या कथा परीक्षकांना अधिक सर्जनशील वाटल्या, आणि मुळात कमी सर्जनशील असलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. त्याच वेळी या कथा एकमेकींसारख्या होत गेल्या. एकेका लेखकाचा लाभ झाला आणि सगळ्या संग्रहाचे वैविध्य घटले. संशोधन-कल्पनांच्या बाबतीत स्टॅनफर्डच्या आणखी एका गटाने शंभराहून अधिक तज्ज्ञांना सामील करून तुलना केली. यंत्राच्या कल्पना तज्ज्ञांना माणसांच्या कल्पनांपेक्षा नवीन वाटल्या. पण एकेका विषयावर यंत्राकडून ४,००० कल्पना काढून घेतल्या तेव्हा त्यांत एकमेकींहून खरोखर वेगळ्या जेमतेम २०० निघाल्या. पुढच्या वर्षी त्याच गटाने काही कल्पना प्रत्यक्ष राबवून पाहिल्या, तर यंत्राच्या कल्पनांचे गुण माणसांच्या कल्पनांपेक्षा जास्त घसरले. कागदावर चमकणारा विषय हातात घेतल्यावर तितका टिकला नाही.

दुसरा पुरावा आपल्याला अधिक जवळचा आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारत आणि अमेरिकेतल्या ११८ जणांना सांस्कृतिक विषयांवर लिहायला सांगितले आणि निम्म्यांना यंत्राच्या सूचना दिल्या. आवडत्या प्रसिद्ध व्यक्तीचे नाव लिहिताना भारतीयाने शाहरुखचे पहिले रोमन अक्षर टंकले की यंत्र शकील ओनील किंवा स्कार्लेट जोहान्सन सुचवी. भारतीयांनी सूचना अमेरिकनांपेक्षा अधिक स्वीकारल्या, तरी त्या दुरुस्त करत बसावे लागल्याने त्यांचा वेळ तितका वाचला नाही. शिवाय भारतीयांचे लेखन अमेरिकनांच्या लेखनासारखे होत गेले. यात यंत्राचा कावा नाही. ज्याच्याविषयी जास्त लिहिलेले आहे ते त्याला आधी सुचते, एवढाच त्याचा स्वभाव आहे. मराठी ८.३ कोटी लोकांची मातृभाषा असल्याचे २०११ च्या जनगणनेत नोंदले गेले, तरी मराठी विकिपीडियावरचे लेख एक लाखाच्या आसपास आहेत. इंग्रजीवर ७० लाखांहून अधिक आहेत. शाहरुख खानसारखा जगप्रसिद्ध माणूस ज्याला पहिल्या झटक्यात सुचत नाही, त्याला मेळघाटातली काटकुंभ आणि चुर्णी ही गावे कशी सुचावी?

चिखलदऱ्यावरून पाहताना

आता हाच पुरावा घेऊन चिखलदरा तालुक्यात उतरू. विदर्भातले हे एकमेव थंड हवेचे ठिकाण, बाजूला गाविलगड, आणि खाली पसरलेला मेळघाट. इथल्या महाविद्यालयात येणाऱ्या अनेक मुलांच्या घरात कोरकू बोलली जाते. पायथ्याच्या परतवाड्याच्या बाजारात वऱ्हाडी आणि हिंदी चालते. उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लागते आणि संदर्भग्रंथ निम्मे इंग्रजीत असतात. कोरकू ही ऑस्ट्रोआशियाई कुळातल्या मुंडा शाखेची भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार ती बोलणारे सुमारे सव्वासात लाख. मेळघाटावर छापलेले आणि जालावर चढलेले जे लिखाण आहे, त्याचा फार मोठा हिस्सा दोन गोष्टींनी व्यापलेला आहे. १९९३ मधल्या बालमृत्यूंपासून चर्चेत असलेले कुपोषण ही एक, आणि देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेल्या मेळघाटातला वाघ ही दुसरी. दोन्ही विषय खरे आहेत, गंभीर आहेत. पण 'मेळघाटातील आदिवासींवर प्रकल्पासाठी दहा विषय सुचव' असे विचारणाऱ्याला यंत्र त्याच्या साठ्यातूनच देणार. कुपोषण, अंधश्रद्धा, शासकीय योजनांविषयी जागरूकता, मानव-वन्यजीव संघर्ष, शिक्षणातली गळती. यातला एकही विषय चुकीचा नाही, आणि यातल्या प्रत्येकात कोरकू माणूस हा ज्याच्यात काहीतरी कमी आहे असा माणूस आहे.

तालुक्यातल्या मुलाला जे ठाऊक असते ते पाहा. कोहा, कुंड, बोरी अशी गावे व्याघ्र प्रकल्पातून उठून अकोला जिल्ह्यात अकोटच्या बाजूला वसली. तिथे गेलेल्या नातलगांच्या घरात आता कोणती भाषा बोलली जाते, हे त्याला दिवाळीला गेल्यावर कळते. आमझरी हे मधाचे गाव झाले, तर पोळे काढणाऱ्या जुन्या माणसाची पद्धत आणि नव्या पेट्यांची पद्धत यांत काय फरक पडला, हे त्याच्या काकाला विचारता येते. पायविहीरच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ओसाड जमिनीवर झाडे वाढवली आणि सीताफळ स्वतःच्या नावाने बाजारात नेले. ते शेजारच्या गावाला का जमले नाही? चिखलदऱ्याच्या कॉफीच्या बागांत मजुरीला कोण जायचे आणि आता कोण जाते? मृतांच्या स्मरणार्थ कोरून उभे करायचे लाकडी खांब अजून कोण कोरतो? प्रत्येक प्रश्न एका फिल्ड प्रोजेक्टएवढा आहे, आणि प्रत्येकाचे साहित्य त्या मुलाच्या नातलगांत आणि आसपासच्या गावांत आहे. त्याला विषय नाहीत असे नाही. हे विषय होऊ शकतात, हे त्याला कोणी सांगितलेले नाही, आणि ते प्रमाण मराठीत कसे मांडायचे हे त्याला जड जाते.

म्हणून मला वाटते की विद्यार्थ्यांनी आणि बऱ्याच संस्थांनी स्वीकारलेली वाटणी इथे उलटी करून पाहावी. कल्पना घेणे निरुपद्रवी आणि भाषेची मदत घेणे संशयास्पद, असे प्रचलित मत आहे. मेळघाटातल्या विद्यार्थ्यापाशी यंत्राकडे नसलेल्या कल्पना आहेत आणि यंत्राकडे सहज असलेली लेखी भाषा त्याच्यापाशी कमी आहे. त्याने स्वतः गोळा केलेली माहिती, स्वतः काढलेला प्रश्न यंत्राकडून नीट वाक्यांत बसवून घेतला, तर ज्ञानात भर पडते ती त्याची. त्याने यंत्राचा विषय घेऊन स्वतःच्या अडखळत्या भाषेत वीस पाने लिहिली, तर तो नियमाने प्रामाणिक ठरतो, आणि मेळघाटाविषयी आधीच हजारदा लिहिलेले आणखी एकदा लिहिले जाते. दुसऱ्याला निर्दोष आणि पहिल्याला दोषी ठरवणारा नियम इथल्या विद्यार्थ्याच्या विरोधात जातो.

आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येईल की यंत्राला नीट विचारले तर ते नीट सुचवते. कोहा-कुंडचे पुनर्वसन, नातलगांची भाषा, दोन पिढ्या, असे सांगा, ते उत्तम प्रश्नावली काढून देईल. हे खरे आहे. पण असे सांगू शकणाऱ्या विद्यार्थ्याला विषय आधीच सापडलेला आहे; यंत्र त्याच्या कल्पनेला हातभार लावते आहे. एमआयटीच्या प्रयोगातला क्रमाचा मुद्दा इथे लागू पडतो. आधी गावात जाऊन, घरात विचारून, चार ओळी स्वतः खरडून मग यंत्राकडे गेलेला विद्यार्थी आणि कोऱ्या मनाने यंत्राकडे गेलेला विद्यार्थी, या दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही.

दुसरा आक्षेप भाषेच्या अभ्यासकांचा असेल, आणि तो अधिक कठीण आहे. भाषा हे विचाराचे वेष्टन नसते. लिहिता लिहिताच विचार पक्का होतो. यंत्राने वाक्ये गुळगुळीत करून दिली तर विद्यार्थ्याचा बोलण्यातला नेमकेपणा निघून जातो, वऱ्हाडीतला एखादा शब्द जी छटा आणतो ती 'लक्षणीय परिणाम दिसून येतो' अशा वाक्यात मरते. कॉर्नेलच्या प्रयोगातही लेखनाची शैलीच सपाट झाली होती. हा आक्षेप मी मोडीत काढू शकत नाही. एवढेच म्हणता येईल की प्रमाण मराठीचा गुळगुळीतपणा आजवर शिक्षक, टंकलेखक आणि मुद्रितशोधक यांनीही लादलाच होता, आणि बोलीतले शब्द अवतरणात जसेच्या तसे ठेवायचे हा दंडक पाळला तर नुकसान आटोक्यात राहते. माहिती देणाऱ्याचे बोलणे कोरकूत किंवा वऱ्हाडीत जसे ऐकले तसे वहीत उतरवायचे आणि प्रकल्पाला जोडायचे, हे विभागाने सक्तीचे केले तर यंत्राचा हात कुठे लागला आणि कुठे नाही, हे आपोआप दिसते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. विषय कुणाचा हे शिक्षकाने ओळखायचे कसे? यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेत 'हा विषय का घेतला', 'कोणाशी बोललात', 'काय अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले' हे तीन प्रश्न पुरतात. संदर्भसूचीतले एखादे पुस्तक दाखवायला सांगणेही पुरते. २०२३ च्या एका अभ्यासात चॅटजीपीटीच्या जुन्या आवृत्तीने दिलेले ५५ टक्के आणि नव्या आवृत्तीने दिलेले १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नव्हते. पुढच्या आवृत्त्यांत हे प्रमाण घटेलही, पण न वाचलेले पुस्तक हातात दाखवता येत नाही. अडचण एवढीच की शंभर मुलांमागे पाच-पाच मिनिटे म्हणजे आठ तासांहून अधिक वेळ, आणि रिक्त पदांमुळे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालणाऱ्या विभागांत तो वेळ काढायचा कोणी, याचे उत्तर शिक्षकाकडे नाही, शासनाकडे आहे.

न सुटलेले

काही प्रश्न तूर्त उघडेच आहेत. चॅटबॉटची मदत घेतली हे विद्यार्थ्याने कबूल करावे, असा आग्रह अनेक विद्यापीठे धरतात. पण कबुलीचा गुणांवर परिणाम होणार का, हे जोवर स्पष्ट होत नाही, तोवर प्रामाणिक मुलगा तेवढा नुकसानीत जाईल. कल्पना म्हणजे नेमके काय, यावरही एकमत नाही. विषयाचे नाव, संशोधनाचा प्रश्न, गृहीतक, प्रकरणांची मांडणी, या सगळ्याला आपण कल्पनाच म्हणतो. पण प्रकरणांची मांडणी यंत्राने सुचवणे आणि संशोधनाचा प्रश्नच यंत्राने देणे यात अंतर आहे, आणि विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत हे अंतर बहुधा एकाच रकान्यात जाते. पुढची पाहणी कोणी अमरावती विभागात केली, तर तिने हे वेगळे करून विचारावे, आणि इंग्रजी प्रश्नावली वाटून करू नये.

साधनांच्या पोहोचीचा प्रश्नही तसाच आहे. धारणी तालुक्यातले हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सहभागाने देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. तरीही मेळघाटात रेंजसाठी उंचवटा शोधत फिरणे संपलेले नाही. वर्षभर फुकट मिळालेल्या सशुल्क आवृत्त्या मुदत संपल्यावर कोणाला परवडतील? परवडणाऱ्याला चांगले यंत्र आणि न परवडणाऱ्याला साधे यंत्र अशी विभागणी झाली, तर समानतेचा जो युक्तिवाद आज चॅटबॉटच्या बाजूने आहे, तोच त्याच्या विरुद्ध वळेल.

आणि भाषेचा प्रश्न. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये आणलेल्या आदिवाणी या भाषांतर-साधनाच्या पहिल्या टप्प्यात संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी आल्या; कोरकू त्यात नव्हती. अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून मराठीला अभिजात भाषेचा दर्जा आहे. कोरकू मुलांनी आपल्या प्रकल्पांसाठी आपल्या भाषेत ऐकलेले, उतरवलेले आणि मराठीत मांडलेले साहित्य अमरावती विद्यापीठ आणि मराठी भाषा विद्यापीठ या दोघांनी मिळून जपले, तर काही वर्षांत तो मोठा साठा होईल. तो साठा यंत्रांना शिकायला खुला करायचा की नाही, हा निर्णय मात्र विद्यापीठांनी एकट्याने घेण्यासारखा नाही. ज्यांचे ते बोलणे आहे त्या गावांच्या ग्रामसभांना जंगलावरचा हक्क कायद्याने मिळाला आहे. त्यांच्या बोलण्यावरचा हक्क कोणत्या कायद्यात बसतो, यावर चर्चा व्हायची आहे.